चढताना बोलायचं नाही

मुलगी : मग तुम्ही तसं लिहूनच टाका ना, जिना झेपत नाही म्हणून.

फिजिओ : त्यांना न चढवताच?

मुलगी : दिसतंयच की. खाटेवरून बाथरूमपर्यंत गेले तरी भिंत धरून उभे राहतात.

फिजिओ : ते आले तेव्हा राहायचे, आता नाही. ताई, हा आजार बरा होत नाही. फुप्फुसं गेली ती गेली. पण आहे तेवढ्या श्वासाची आणि पायांची सांगड घालता येते, आणि तुमच्या वडिलांनी ती घातलीय. सायकल सांगितली की सायकल, वजनं सांगितली की वजनं. वॉर्डात इतका हट्टी पेशंट दुसरा नाही.

मुलगी : हट्टी आहेतच. त्यात नवीन काय.

फिजिओ : तुमचं घर चौथ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही, म्हणून ही परीक्षा. आज चौथ्या मजल्यापर्यंत गेले की शनिवारी घरी. नाही गेले, तर मागच्या इमारतीत कायमच्या पेशंटांचा वॉर्ड आहे, तिथं हलवतील.

मुलगी : तिथं नीट बघतात?

फिजिओ : बघतात. तिथून कुणी घरी जात नाही, एवढंच. तुम्हाला ते घरी नकोत का?

मुलगी : माझी छोटी बोलताना अडखळते. बाबा जेवायच्या टेबलावर तिची नक्कल करायचे. ‘पा-पा-पाणी हवंय का महाराणींना? पूर्ण वाक्य बोला, मग मिळेल.’ पाहुण्यांसमोरसुद्धा. म्हणायचे, अशानंच जीभ सुटते. ते इकडे आल्यापासून पोरगी जेवताना शाळेतल्या गमती सांगायला लागलीय. कधीकधी गप्प बस म्हणावं लागतं, आणि मी म्हणत नाही.

फिजिओ : हे डॉक्टरांच्या कानावर घाला. माझं काम जिन्यापुरतं. मी खोटं लिहिणार नाही.

मुलगी : नका लिहू. पण समजा आज नाहीच जमलं, तर कशामुळे जमणार नाही?

फिजिओ : बोलण्यामुळे. तेवढं एकच त्यांना आवरत नाही. थांबून श्वास घ्यायचा, चढताना ओठांचा चंबू करून सावकाश सोडायचा. मधे बोलायला गेलं की सगळा ताल बिघडतो. हवा आत कोंडते आणि नवीन घ्यायला जागाच उरत नाही. परवा वॉर्डबॉय सहज म्हणाला, वकील लोक नुसत्या तारखा घेतात. झालं, त्याला कायदा शिकवता शिकवता दुसऱ्या मजल्यावर मटकन बसले. तेव्हा चढताना त्यांना बोलतं करू नका, म्हणजे मिळवली.

मुलगी : बरं झालं सांगितलंत.

बाबा : काय गं, साक्षीदार फोडतेयस का?

मुलगी : तुमचीच चौकशी करत होते, बाबा.

बाबा : न्यायाधीशबाई, ही माझी लेक. लहानपणापासून हिचा चेहरा असाच, आरोपपत्र वाचून दाखवल्यासारखा. चला, कुठाय तुमचा जिना? शनिवारी मला माझी खुर्ची आणि माझी खिडकी हवी. इथं शेजारच्या खाटेवरचा म्हातारा रात्रभर कण्हतो आणि सकाळी मलाच विचारतो, झोप लागली का.

फिजिओ : मी खुर्ची घेऊन पुढे जाते, वरच्या वळणावर थांबेन. ताई, तुम्ही त्यांच्या मागे, एक पायरी खाली. हात कमरेजवळ ठेवा, पण धरू नका. घरी तुम्हीच असणार, तेव्हा सवय व्हायला हवी. वकीलसाहेब, गरम चहावर फुंकर मारतो तसा श्वास सोडायचा. आणि तोंड बंद.

बाबा : तोंड बंद ठेवून फुंकर? बाई, तुमचा कायदाच सदोष आहे.

फिजिओ : बोलणं बंद.

बाबा : मान्य. प्रतिवादी गप्प राहील.

(जिना. फिजिओ खुर्ची घेऊन वर निघून गेलेली.)

मुलगी : झाला की पहिला मजला.

बाबा : हं.

मुलगी : छान फुंकर घालताय. या, दुसराही आलाच.

बाबा : हं.

मुलगी : बाबा, ती गोदामाच्या आगीची केस आठवते? पेपरात तुमचा फोटो आला होता ती?

बाबा : हं.

मुलगी : आई म्हणायची, ती तुमच्या ज्युनियरनं जिंकली.

बाबा : हं?

मुलगी : उलटतपासणी म्हणे त्यानंच घेतली. तुम्ही शेजारी काळा कोट घालून बसला होतात.

बाबा : कोण म्हणायची?

मुलगी : आई. मावशीला सांगायची, शेजारणींना सांगायची. तुमची पाठ वळली की.

बाबा : तिला काय... कळतं कोर्टातलं.

मुलगी : खूप हसायच्या सगळ्या.

बाबा : रखवालदाराची साक्ष... मी मोडली. मी. त्याला विचारलं... किल्ली... कुठल्या खिशात होती. ज्युनियर नुसता...

मुलगी : नुसता काय?

बाबा : नुसता... कागद...

मुलगी : चढा ना, थांबू नका. कागद काय?

बाबा : कागद धरून... उभा होता.

फिजिओ : खाली कोण बोलतंय? वकीलसाहेब?

मुलगी : मी बोलतेय हो. त्यांना धीर देतेय.

बाबा : थांब... जरा.

मुलगी : थां-थां-थांबू?

बाबा : काय?

मुलगी : का-का-काय? नीट बोला. पूर्ण वाक्य बोला, मग थांबू.

बाबा : मी... तिला... सुधारा...

मुलगी : मी-मी-मी. महाराणींचं गाडं पुन्हा अडलं. असं चारचौघांत हसलं की जीभ सुटते, नाही का? मग हसू मी? वर त्या बाईंनाही बोलावते, दोघी मिळून हसू.

बाबा : श्वा...

मुलगी : पुढचं अक्षर येत नाहीये का? छोटी पण अशीच बघायची तुमच्याकडे. तोंड उघडं आणि डोळ्यांत पाणी. तुम्ही म्हणालात, नाटकं करते.

फिजिओ : बाजूला व्हा. ताई, व्हा बाजूला. वकीलसाहेब, बसा, मागे खुर्ची आहे. पुढे वाका, कोपरं मांड्यांवर. खांदे सैल सोडा. काही सांगायचं नाही, काही विचारायचं नाही. फुंकर. लांब. अजून एक. असं.

मुलगी : तिसरा मजला आहे हा.

फिजिओ : मला दिसतंय. जिन्यात आवाज वर येतो, ताई. सगळं ऐकलंय मी.

मुलगी : मग लिहा, तिसऱ्या मजल्यावर दम संपला. त्यात खोटं काहीच नाही.

फिजिओ : आजचं मी धरणारच नाही. त्यांना बोलतं करू नका म्हणून तुम्हाला सांगितलं, तो माझाच मूर्खपणा. वकीलसाहेब, उद्या सकाळी पुन्हा. ताई खाली बाकावर बसतील, तुमच्या मागे मी येईन. भांडत भांडत तीन मजले आलात तुम्ही. गप्प राहिलात तर चौथा काहीच नाही.

बाबा : तुझी आई... खरंच म्हणायची तसं?

मुलगी : नाही. आई कधीच काही म्हणाली नाही. तिला ती केस कुठली तेही माहीत नव्हतं.

फिजिओ : आता पुरे.

मुलगी : विचारलं म्हणून सांगितलं.

बाबा : उलटतपासणी... चांगली घेतलीस.

मुलगी : तुमच्याकडूनच शिकले.

बाबा : छोटी... बोलते हल्ली?

मुलगी : हो. पूर्ण वाक्यं.

बाबा : काय बोलते?

मुलगी : ते तुम्हाला नाही सांगणार.

फिजिओ : वकीलसाहेब, माझ्याकडे बघा. उद्याचं नक्की ना? चढलात की सुट्टीच्या कागदावर मी स्वतः सही घेते डॉक्टरांची. घर तुमचंही आहे, कुणी अडवू शकत नाही.

बाबा : उद्या चढेन मी, बाई. चौथा मजला, डावीकडचं दार. जाईन, बेल वाजवेन. दार कोण उघडणार?

मुलगी : मीच उघडणार.

बाबा : तेच म्हणतोय मी. आणि तिथं खुर्ची घेऊन तुम्ही नसाल, बाई.