घरात दोष नाही

सांगायचं नाही असं ठरलंय, मॅडम — आमच्या एजंट आहेत ना, डार्लीनबाई, त्यांनी बजावून ठेवलंय की घर बघायला कोणी आलं तर फक्त हसायचं आणि सरबत हवं का विचारायचं — हवंय का? — नाही, बरं — पण तुम्ही आत्ता विचारलंत ना, आधीचं गिऱ्हाईक का गेलं, भिंतीत ओलबिल आहे का, आणि असं वाकून सिंकखाली नाक लावून बघितलंत, ते मला नाही बघवलं. ओल नाहीये. घरात काही दोष नाही. आधी आलेल्या त्या जोडप्यातल्या ताईंनी तर माझ्या खोलीत पाळणा कुठे ठेवायचा तेसुद्धा ठरवलं होतं. दोष असलाच तर — आई गॅरेजमध्येच आहे ना अजून, तुमच्या मिस्टरांना बंब दाखवत? हळू बोलते मग.

बाबा दुधाचा टँकर चालवतात. गेल्या वर्षी दुधाला भावच नव्हता, इथले गोठे एकेक करून बंद पडले, जो तो गायी घेऊन आयडाहोला चाललाय, तर बाबांनाही तिकडेच काम मिळालंय — शाळा संपली की जायचं. पण घर विकलं तरी कर्ज फिटत नाही. आम्ही घेतलं तेव्हा भाव केवढे होते, तुम्हाला माहितीच आहे, आता निम्मेसुद्धा नाहीत. म्हणून तुम्ही द्याल ते बँकेनं घ्यायचं आणि उरलेल्यावर पाणी सोडायचं — तोच हा शॉर्ट सेल. आईनं बँकेत फोन केला, तर तिकडची बाई म्हणते, तुमचे हप्ते वेळेवर येतायत, मग अडचण कसली? थकले की फोन करा. खरंच, असंच म्हणाली. आमच्याकडे पैसे होते, मॅडम. ओढाताण होती, पण होते. मग आम्ही — थकवले. मुद्दाम. डार्लीनबाई म्हणाल्या सगळे हेच करतात, त्याशिवाय बँक फाईल उघडतच नाही.

हे बोलायला नको होतं मी.

नाही, तुम्ही बाबांना ओळखत नाही म्हणून असं बघताय. शेजारचं रिकामं घर बघितलंत ना, लॉन हिरवंगार आहे ते? तिथे रूडीकाका राहायचे. त्यांनी हप्ते भरणं सोडलं तेव्हा बाबा कुंपणावरून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले होते — बोट घ्यायला पैसे आहेत होय रे तुझ्याकडे? माझा बाप असोरिस बेटांवरून आला तो एक पेटी घेऊन, पण कोणाचं देणं ठेवलं नाही त्यानं! रूडीकाका नुसते हसले. म्हणाले, नॉर्बर्टो, तू स्वर्गाच्या दारातसुद्धा आधी पावती दाखवशील. मग ते गेले एक दिवस, ट्रकच्या मागे ती बोट जोडून. आता बाबा रोज त्यांच्या लॉनला पाणी घालतात. गल्लीची शोभा जाते म्हणतात. पण मला वाटतं — जाऊ दे.

तर ते जोडपं. बँकेनं जवळजवळ हो म्हटलं होतं त्यांना. आणि एक दिवस बाबा मला म्हणाले, चल, आइस्क्रीम खाऊ. गेलो, ते बँकेतच. रांगेत उभे राहिलो. बाबांनी सगळं भरून टाकलं — सगळं थकलेलं, एकदम, आयडाहोसाठी ठेवलेल्यातून. काउंटरवरची मुलगी म्हणाली, झालं मिस्टर आविला, आता तुमचं मागचं काही देणं नाही. नेहमीचंच बोलली ती. पण बाबा असे ताठ झाले, मॅडम, असे — मिरवणुकीत उभे राहतात तसे. बाहेर आल्यावर शीळ घालत होते. आईला सांगू नकोस म्हणाले, आणि मला दोन स्कूप घेतले. पुढच्याच आठवड्यात बँकेनं फाईल बंद केली. तुमचे हप्ते तर भरलेले आहेत, तुम्हाला कसली अडचण? जोडपं गेलं. आई अजून म्हणते बँकेचा गोंधळ — आत्याला, चर्चमध्ये, दुकानात, भेटेल त्याला सांगते, ते कॉम्प्युटर, ती माणसं, मेले सगळे! आणि बाबा शेजारी उभे राहून मान हलवतात. मी पण हलवते.

परत थकवलं, परत फाईल उघडली, आणि आता तुम्ही आलात. तुम्हाला घर आवडलंय ना? मघाशी खिडकीपाशी उभ्या होतात तेव्हा मला वाटलं आवडलंय. कारण या खेपेला जमलं नाही तर तिकडचं भाडं आणि इकडचा हप्ता झेपायचा नाही, मग लिलाव — दारावर कागद लावतात, येणारा जाणारा वाचतो. आणि रविवारी आमच्या लोकांच्या हॉलवर सण आहे, पवित्र आत्म्याचा — या तुम्ही, सगळ्यांना फुकट जेवण असतं — यंदा मिरवणुकीत चांदीचा मुकुट बाबा धरणार आहेत. कधीपासून वाट बघत होते. आता म्हणतात, या हातांनी कसा धरू? आई म्हणते, साबणानं धू आणि धर.

आज सकाळी ते बागेची नळी आणतो म्हणून गेलेत. दाढी करून. सणाचा शर्ट घालून. नळी आणायला कोण दाढी करून जातं? मी म्हटलं मी येते, तर नको म्हणाले, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी आईला सांगायला हवं होतं, लगेच, पण मग ते आइस्क्रीमच्या दिवसाचंही सांगावं लागलं असतं, आणि ती बाबांकडे कशी बघेल ते मला — म्हणून तुम्हाला विचारते, मॅडम. बँकेनं पुन्हा सगळं बंद केलं, तर तुम्ही त्या जोडप्यासारख्या जाऊ नका. थांबाल थोडं? आम्ही परत थकवू. आम्हाला आता जमतं ते. फक्त तुम्ही —

आले, आई! — काही नाही गं, सिंक दाखवत होते — बाबा? बाबा ना, ते नळी आण—