अनाहत, काळी चार

— नाही हो हरिश्चंद्रकाका, ओरडून उपयोग नाही, अप्पांना आता कानाशी ढोल वाजला तरी कळत नाही. आणि असे मागनं एकदम नका येऊ! बसा ओटीवर. आत माणसं बसलीत ना — दर्शनाला. हसताय? तुमच्या नाटक कंपनीचा पेटीवाला, जन्मभर तुमच्या गाण्याला साथ केली, आता त्याच्या पायांवर लोक नारळ ठेवतात! कशासाठी? तर त्यांना अनाहत नाद ऐकू येतो. कुणी न वाजवलेला, सृष्टीच्याही आधीचा. डोळे मिटून गुणगुणतात, आणि चिपळुणाहून आलेली माणसं रडतात. मीही रडायची — मग एकदा ते गुणगुणत असताना पेटीवर सूर शोधला. कुठला निघाला, सांगू? काळी चार, पेटीची चौथी काळी पट्टी. तुम्ही गायचात ती, काका! तुमच्यासाठी पेटीतले पितळी सूर घासून जुळवले ना, कानाशी धरधरून — तोच राहिला आत. कॉलेजात शिकवलंय आम्हाला, ध्वनी म्हणजे कंप. हवेत नसेल तर कानात असेल, दुखऱ्या कानात. डॉक्टर म्हणतात, पू हाडाशी पोचलाय, मुंबईला नेऊन कापायला हवं. आणि आजची बोट शेवटची — उद्यापासून पावसाळ्यासाठी बंद, थेट नारळी पौर्णिमेपर्यंत. तोवर थांबलं तर? विचारलं मी. डॉक्टरांनी चष्मा पुसला नुसता.

अप्पा म्हणतात, ब्रह्म कापायला देऊ होय गं? लेकीचं नाही ऐकत, तुमचं ऐकतील. ही पाटी घ्या. लिहा — ‘हे ब्रह्म नव्हे, माझी काळी चार आहे.’ लिहा ना! हो, मग नुसता बहिरा म्हातारा उरेल, ठाऊक आहे. ते तांदूळ? लोकच आणतात, घर त्यावरच चालतं — तसं बघू नका माझ्याकडे, मला ते जगायला हवेत! जा, दाखवा.

आलात? इतक्यात? वाचलं ना नीट? — हसले? अहो, हसले म्हणजे काय? — ‘म्हणजे जन्मभर मी ब्रह्मालाच साथ केली’ — असं म्हणाले? आणि तुमच्या... तुमच्या पायांवर डोकं ठेवलं?

तुम्ही का रडताय, काका? तुम्ही नका ना रडू, आतली माणसं बघतायत. बघा, ती बाई नारळ घेऊन तुमच्याकडेच... अगं बाई! बोटीचा भोंगा झाला. निघा तुम्ही, एकटेच. बोटीपर्यंत नेणारा पडाव बंदरावर थांबायचा नाही. — नाही, पाटी राहू द्या. पुसते मी.