सुलाबाईच्या कोठीतले सोंडे

अपेक्षा : आजी, मी रागावणार नाही. फक्त खरं सांगा, ज्वारीच्या कोठीत औषधाची गोळी टाकलीत का?

सुलाबाई : न्हाई गं माय. तू नको म्हन्लीस तवापासून गोळी काय, लिंबाचा पाला सुदिक टाकला न्हाई. नरसिंहाची आन.

अपेक्षा : मग मागच्या महिन्यात तुमच्या ज्वारीतून नेलेले सोंडे किडे मरेनात कसे? आधीचे थोड्याशा औषधानं पटापटा मरायचे. म्हणून तर मी दर गुरुवारी परभणीहून पोखर्णीला येते. अख्ख्या गावात बिनऔषधाची ज्वारी फक्त तुमची.

सुलाबाई : मरेनात तर बरंच हाय की. जीव हाय त्यायला बी.

अपेक्षा : आजी!

सुलाबाई : बरं बरं. बस आधी. भाकर खा.

अपेक्षा : भाकरी नको. विद्यापीठात सर विचारायलेत, त्यांना काय सांगू? किड्याच्या अंगात एक जनुक असतं, त्याच्या जोरावर तो औषध पचवतो. ते बंद केलं तर किडा थोडक्या औषधात मरतो का, हे मी बघायलेय. त्याला तुलनेला असे किडे लागतात ज्यांनी औषध कधी चाखलंच नाही. तेच बिघडले तर माझे आठ महिने पाण्यात गेले.

(सुलाबाई बराच वेळ सूप पाखडत राहते. सुपात काहीच नसतं.)

सुलाबाई : शिमग्याला परमेश्वर आल्ता. माजा ल्योक. एका दिसासाठी. म्हन्ला, माय किडकी ज्वारी खायलीय. समदी कोठी उपसून उन्हात घातली अन् सांजच्या गाडीनं गेला. किडे पार मेले. अन् दोन दिसांवर तुजा बेस्तरवार.

अपेक्षा : मग?

सुलाबाई : चाळून चाळून धा-बारा निगाले. येवढ्या दुरून लेकरू येतंय, त्याला मोकळ्या हातानं कसं लावावं? चोळीचा खण नसला तर पसाभर शेंगा तरी बांधतो आमी. गेले व्यंकटरावाच्या धान्याच्या गोदामात. तिथं लय असत्येत. दोन पसे वटीत आनले अन् दिले कोठीत सोडून.

अपेक्षा : अहो, तिथं दरवर्षी औषध मारतात! तिथले सगळे पचवून बसलेत.

सुलाबाई : किडा तो किडा, म्हन्लं. म्या कुठं त्यायला गाव इचारू?

अपेक्षा : मला सांगायचं तरी.

सुलाबाई : किडे सरले म्हन्ले असते तर तू आली असतीस?

अपेक्षा : किडेच नसते तर...

सुलाबाई : न्हाई ना. बेस्तरवारी मी दोन भाकरी थापते. बाकीच्या दिवशी एक. त्या एकीसाठी चूल पेटवायचा बी कटाळा येतो, माय. कुनी बोलायला नसतं. लय एकलं वाटतं.

अपेक्षा : मला कळायला पाहिजे होतं, आजी.

सुलाबाई : चुकलं माजं. आता पयल्यापासून कर की. कोठी सारवून देते, नवी ज्वारी भरते.

अपेक्षा : नाही चालणार. मिसळले ते मिसळले. सरांनी आता ताडकळसला एक घर बघितलंय.

सुलाबाई : ताडकळसची यष्टी हिकडून न्हाई जात.

अपेक्षा : नाही. उलट्या अंगाला आहे.

सुलाबाई : बरं. आजच्या गाडीला टाइम हाय ना?

अपेक्षा : अर्धा तास.

सुलाबाई : मंग च्या ठिवते. लय गरम देते. सावकाश पी.