पायाची मशीन

...अन् मंग ते पायाची मशीन घ्यावी का नाई घ्यावी, तुमीच सांगा बाप्पा! मी तं पार थकलो. म्हंजे असं पाहा, मी भगवंतराव, वरवट बकाल गावात कपडे शिवतो. माही मशीन हाताची, बापाच्या वक्ताची. अन् तिचं हँडल फिरवते कोन? आमची मंजुळा! मी दोन्ही हातानं मांजरपाटाचं कापड धरतो, ती फिरवते. लगन झालं तवापासून फिरवूनच राह्यली, अन् आता म्हणते, "आवं, माहा खांदा गेला. पायाची मशीन आना."

आना म्हणते! जसे बाजारातून वांगेच आनाचे हायेत! तरी गेलो जळगाव जामोदले. तठीचा दुकानदार मोठा साफ बोलनारा, "मास्तर, ही विलायती आहे! फुलं काढते, वेली काढते, उलटी शिवण घालते!" म्या म्हटलं, भाऊ, आमच्या उकंडरावच्या बंडीवर गुलाब काढू का? त्याले फक्त चोरखिसा पाह्यजे, तोही बायकोले दिसू नये असा! फुलं कायले?... पन काय चालत होती हो! आवाज नाई, खडखड नाई... हात लावला तं हात निघेचना. घ्यावी का नाई घ्यावी?

अन् घेतली तं? साऱ्या सालाच्या शिवणाची मजुरी म्हून गाव मले सुगीवर ठरलेली जवारी देते. मशीन जोरात पळाली म्हून जवारी वाढते का? उलटं म्हणतीन, "काऊन बे भगवंता, मी चहा पेऊन आलो तं बंडी तयार? मंग मेहनत कायची?" अन् खरं सांगू का... कोनाले सांगू नका... माहा सारा धंदा चालते "मशीन बिघडली, उद्या ये" याच्यावर! बापानं मले दोनच गोष्टी देल्या, हे मशीन अन् हे वाक्य. नवी मशीन बिघडेचना, तं लोकाइले सांगू काय, कपाळ?

घरी येऊन मंजुळेले म्हटलं, "पाहू, पुढल्या साली." तिच्या खांद्याले तेल मीच चोळून देतो. हाड वर आलं हो तिचं! मले दिसत नाई का? दिसते, लय वाईट वाटते... पन घ्यावी का नाई घ्यावी?

तेवढ्यात उकंडराव दारात! पोराचं लगन परवावर आलं. "बे भगवंता, माहा सदरा दे!" म्या लगबगीनं कापड लावलं, म्हटलं, "फिरव." तं मंजुळा दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली अन् त्याले म्हणते, "मशीन बिघडली. उद्या या."

माह्या तोंडचं वाक्य! मंग म्याच एका हातानं फिरवून पाह्यली, तं शिवण बाहीवरून निंघाली ते कॉलरकडे चालली! शेवटी हात जोडले, "उकंडराव, खरंच बिघडली हो!"

जलमात पह्यल्यांदा खरं बोललो... अन् तो बुढा पोट धरून हासते, म्हणते, "हाव, ठाऊक हाये. उद्या येतो!"