मॅगी आंटींची गोळी

(पाचूबंदर. निवृत्त संशोधक मॅग्डलीन यांच्या घरी सत्कार समितीचा सेक्रेटरी रेमंड आला आहे. सत्कार आज संध्याकाळी.)

मॅग्डलीन : बॅनरवर माझ्या फोटोला हार कुणी घातला, रेमंड?

रेमंड : बॅनरवाल्यानं, मॅगी आंटी. बोलला, मानूस मोठा असला की हार लागतोच.

मॅग्डलीन : आणि दोन्हीकडे मेणबत्त्या. सकाळपासून तिघी रडत आल्या. त्यांना चहा मीच करून दिला.

रेमंड : मेनबत्त्या काढतो. पन मजकूर वाचला ना? 'हृदयाच्या ठोक्यांवर गोळी शोधनारी आपल्या बंदराची लेक.' मी लिवलंय.

मॅग्डलीन : त्याखाली 'कोळंबीचं लोणचं उत्कृष्ट करतात', तेही तूच?

रेमंड : ते कमिटीनं. नुसतं सायन्स लोकांना जड जातं.

मॅग्डलीन : आणि माझ्याहून दुप्पट मोठा फोटो कुणाचा?

रेमंड : काढेवाले गुरुजी. मंडप त्यांचा, जेवन त्यांचं. शाल तेच घालनार तुम्हाला. बीपी, शुगर, हार्ट, गुडघे, सगळ्यावर एकच बाटली.

मॅग्डलीन : एका गोळीपायी माझे केस पिकले. हुशार आहेत गुरुजी.

रेमंड : तुम्ही पन दोन शब्द बोला काढ्यावर. तुमचा शब्द कोन मोडत नाय.

मॅग्डलीन : फिलोमिनाला, तुझ्या आईला, पुढे बसव. माझी गोळी आली तेव्हा ती मासळीची पाटी उतरवून तशीच दारात आलेली. म्हणाली, मॅगी, माझ्या छातीला तुझीच गोळी.

रेमंड : गोळी बंद केली आईची.

मॅग्डलीन : कुणी?

रेमंड : मीच. काढा चालू केलाय. कमिटीला फुकट देतात. गुरुजी बोलले, दोन्ही एकत्र चालत नाय.

मॅग्डलीन : धाप लागते तिला?

रेमंड : थोडी. गुरुजी बोलले, आतली घान निघते.

मॅग्डलीन : पाय सुजलेत?

रेमंड : कालपासून. तुम्हाला कोन बोललं?

मॅग्डलीन : रिक्षा आण. तिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायचंय.

रेमंड : आंटी, मला भीती वाटते.

मॅग्डलीन : मलाही वाटते. माझी एकच मैत्रीण उरलीय. जा लवकर.

रेमंड : पन पाहुने येतील. गुरुजींना काय सांगू?

मॅग्डलीन : सांग, बाई कामावर गेल्या.