पदाआधी कानाला हात

धारला नाटकाच्या तिकिटांची रांग लागली होती आणि तिच्यात बळवंतबुवा गवई उपरण्यात अर्धं तोंड लपवून उभे होते. 'नाटकात गेलास तर माझं दार तुला बंद,' असं आपल्या लाडक्या शिष्याला, रघुनाथला, बजावणारे ते हेच. पुढे देवासचे दोघे मेहुणे बोलत होते.

“काय सांगू भिया, काल देवासला रघुनाथनं तीनदा वन्समोअर घेतला. थोरली पाती, धाकटी पाती, देवासच्या दोन्ही राजांचे दरबारी एका सुरात ओरडत होते.”

“गळा सोन्याचा, कबूल. पण नायिकेचं लुगडं नेसून उभा राहतो आणि दर पदाआधी बुगडी चाचपतो. सोंग मोडतं हो.”

“बुगडी कसली? कानाला हात लावून गुरूचं नाव घेतो मनात. कंपनी देवासला असली की आमची पोर दुर्गी सकाळी त्याच्याकडे गाणं शिकते ना. तंबोरा जुळला की तिलाही आधी कानाला हात लावायला सांगतो, त्याच गुरूच्या नावानं.”

“मग गुरू येत असतील की खेळाला.”

“कुठले येतात. त्यांनी दार बंद केलंय म्हणे.”

“आणि तरी हा त्यांचंच नाव घेतो?”

“तो घेतो, आता दुर्गीही घेते. तिनं तर त्यांना पाहिलेलंसुद्धा नाही.”

दोघे तिकिटं घेऊन आत गेले.

“आजोबा, मागे बसा स्वस्तात. गाणं तिथूनही ऐकू येतं,” तिकीटवाला म्हणाला.

बुवांनी उपरणं खाली घेतलं.

“गाणं मला ठाऊक आहे. पुढचं द्या. कानाला हात लावतो, तो दिसला पाहिजे.”