आखाड्यावरचं विलगीकरण

साथीच्या दिवसांतली आमची गंमत ऐका. नांदेडचं हॉस्टेल रिकामं केलं आणि विद्यापीठाचा मेसेज आला: गावी गेल्यावर वेगळं राहा, कुणाला भेटू नका. वडलांना दमा. म्हणून मी लोह्याजवळच्या आमच्या गावात शिरलोच नाही, थेट शेतात, आखाड्यावर, म्हणजे गोठ्याशेजारच्या खोपीत मुक्काम टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच निम्मं गाव भेटायला हजर. मी लांबूनच ओरडलो, "अहो, मी आजारी न्हाई!"

"मग काय झालं? आजारी पडल्यावरच भेटावं का?" किसनकाका, माझे चुलते, म्हणाले. तोंडाला रुमाल बांधून सगळे बांधापलीकडं ऐसपैस बसले.

तेवढ्यात विद्यापीठातल्या समुपदेशक मॅडमचा फोन आला. "एकटं वाटतंय का?"

"नाही मॅडम. लई माणसं बसून राहिलीत समोर."

मॅडम हादरल्याच. मला फोन स्पीकरवर टाकायला लावला आणि म्हणाल्या, "मंडळी, कृपा करून सगळ्यांनी घरी जा."

काका बांधावरून ओरडले, "जातो की मॅडम! पर पोरगं एकटं हाय. तुम्ही कुणाला तरी पाठवा, मग आम्ही उठतो."